बॉक्स सेट आला, बेस काही आला नाही

सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांची सुटका होईल. मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या अल्बमच्या २०१८ सालच्या रीमास्टर्ड आवृत्तीत बेस, म्हणजे गाण्याचा तळ धरणारी खालच्या सुरांची गिटार, ऐकू येतो का? नाही. म्हणजे १९८८ साली जितका येत होता तितकाच येतो, आणि तेव्हा तो जवळपास येतच नव्हता.

ज्यांना हा प्रश्नच कळला नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. बाकीच्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल.

सप्टेंबर १९८६ मध्ये स्वीडनच्या दौऱ्यात बँडची बस उलटली आणि बेसिस्ट क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. साधारण महिन्याभरात त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. १९८७ मध्ये त्याला घेऊन बँडने दुसऱ्यांच्या गाण्यांची एक ईपी (अल्बमपेक्षा छोटी, मोजक्या गाण्यांची तबकडी) काढली, तिच्यात बेस खणखणीत आहे. मग १९८८ मध्ये लॉस एंजलिसच्या वन ऑन वन स्टुडिओत हा अल्बम रेकॉर्ड झाला. नऊ गाणी, पासष्ट मिनिटं, एलपीच्या दोन तबकड्या. न्यूस्टेडचा या बँडबरोबरचा पहिला पूर्ण अल्बम, आणि त्यात तो नाही. श्रेयनामावलीत आहे, फोटोत आहे, 'ब्लॅकन्ड' या पहिल्या गाण्याच्या रचनेत त्याचं नावही आहे, पण स्पीकरमधून काही तो बाहेर पडत नाही. पुढे १९९१ च्या काळ्या कव्हरच्या अल्बमला बॉब रॉक निर्माता म्हणून आला आणि बेस पुन्हा पोटात जाणवायला लागला. म्हणजे आधी आहे, नंतर आहे, मधल्या मधे माणूस गायब.

आता माझी ओळख. मी बेस वाजवतो. हौसेने, पण तीसेक वर्षं. बँडच्या फोटोत 'हा कोण?' असं ज्याच्याबद्दल विचारतात तो मी. त्यामुळे हा अल्बम माझ्यासाठी नुसता अल्बम नाही, जुनं दुखणं आहे. माझा सगळ्यात जुना मित्र ड्रमर आहे आणि त्याच्या मते याच्याइतकं अचूक मिक्स जगात दुसरं नाही. बरोबरच आहे. किक ड्रमचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) टकटक आवाज कपाळावर हातोडी मारल्यासारखा पुढे आणून ठेवला असेल तर ड्रमरला दुसरं काय वाटणार!

तर या रीमास्टरबरोबर निघालेला मोठा बॉक्स सेट घेतला तो या मित्राने. मी शहाणपणा करून नुसती रीमास्टर्ड सीडी घेतली. दोन रविवार आम्ही त्याच्या खोलीत बसून सगळं ऐकलं. सगळं म्हणजे किती, तर सहा तबकड्या, अकरा सीडी, चार डीव्हीडी आणि १२० पानांचं जाडजूड पुस्तक. माझा भाचाही बसला होता. वय एकोणीस. तो कुठलंही गाणं ऐकायच्या आधी त्याला कुणी किती गुण दिलेत ते बघतो, आणि मला 'मामा, हे रेटिंग बघ' म्हणून फोन पुढे करतो. त्याच्याकडे पुढे वळूच.

आधी खोकं. वजनदार आहे. उघडताना आपण काहीतरी शासकीय उघडतोय असं वाटतं, आणि कव्हरवर दोरखंडांनी बांधलेली, तडे गेलेली न्यायदेवता असल्यामुळे ते शोभूनही दिसतं. पुस्तकातले पूर्वी न छापलेले फोटो मला सगळ्यात आवडले. त्यांत न्यूस्टेड भरपूर आहे, हे विशेष. डोळ्यांना दिसतो तेवढा कानांना ऐकवला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

आता मुख्य सीडी. ऐकायची पद्धत सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. जुनी सीडी आणि नवी सीडी पाठोपाठ लावली तर नवी हमखास चांगली वाटते. कारण ती जरा मोठ्या आवाजात आहे, आणि आपले कान मोठ्या आवाजाला 'चांगला आवाज' समजतात. थोडा जरी आवाज वाढला तरी खालचे आणि वरचे सूर जास्त भरलेले वाटतात. म्हणून आम्ही आधी दोन्हींचा आवाज जुळवला आणि मग आलटून पालटून ऐकलं. मित्राने मला पाठ करून बसवलं आणि कुठली सीडी चालू आहे ते सांगितलं नाही. दहापैकी सात वेळा मी बरोबर ओळखली. हा काही फार मोठा आकडा नाही, आणि तो त्याने मला त्या दिवसात चार वेळा ऐकवला.

फरक आहे, पण तो वरच्या बाजूला. झांजांची किनार स्वच्छ झालीये. 'ब्लॅकन्ड'च्या सुरुवातीला उलट्या वाजवलेल्या गिटारी दुरून चढत येतात, तो भाग आता जास्त खोल वाटतो. गिटारींचा वाळूच्या कागदासारखा खरखरीत पोत थोडा कमी बोचतो. आणि खाली? खाली पूर्वीसारखाच शुकशुकाट. 'वन'सारख्या गाण्यात जिथे गिटारी अजून स्वच्छ आवाजात वाजतायत तिथे तळाशी काहीतरी हलल्याचा भास होतो. गिटारींनी रूप बदललं की तो भासही संपतो.

यावरून लोक चिडले, अजूनही चिडतात. 'एवढी नवी आवृत्ती काढली आणि बेस वाढवला नाही?' हा राग रीमास्टर आणि रीमिक्स यांच्यात गल्लत केल्यामुळे आहे. मिक्स म्हणजे प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर असतं आणि कोण पुढे, कोण मागे ते ठरवता येतं. मास्टरिंग त्याच्यानंतर होतं, सगळं एकत्र होऊन डावा आणि उजवा असे दोनच चॅनल उरले की. एखाद्या ग्रुप फोटोत मागच्या रांगेत एक जण दुसऱ्याच्या खांद्याआड उभा आहे. फोटो छापून झाल्यावर तुम्ही उजेड वाढवा, रंग गडद करा, कडा धारदार करा, तो माणूस काही खांद्याआडून बाहेर येणार नाही. खालचे सूर वाढवले तर न्यूस्टेडबरोबर किक ड्रम आणि गिटारीचा तळही वाढणार, म्हणजे खांदाच आणखी रुंद होणार. २०१८ मध्ये जे झालं ते मास्टरिंग. बँडचं म्हणणंच असं होतं की जुना अल्बम हा त्या काळाचा ठसा आहे, तो नव्याने मिसळायचा नाही. पटो न पटो, आश्वासन एवढंच होतं, आणि तेवढं त्यांनी पाळलंय.

मुळात बेस गेला कुठे, यावर आमच्या खोलीत जितके तास गेलेत तितक्यात एखादी भाषा शिकून झाली असती. एक पक्ष म्हणतो, नव्या पोराला छळायचं म्हणून मुद्दाम दाबला. न्यूस्टेडला सुरुवातीच्या वर्षांत बँडमधल्यांनी बराच त्रास दिला हे सगळ्यांनीच कबूल केलेलं आहे, त्यामुळे या म्हणण्यात दम आहे. मिक्स करणारा स्टीव्ह थॉम्प्सन याने नंतर मुलाखतीत सांगितलंय की त्याने बेस व्यवस्थित बसवला होता, पण ड्रमर लार्स उल्रिकने तो जेमतेम ऐकू येईल इतका खाली आणायला लावला, आणि आणला तर आणखी काही डेसिबल खाली घ्यायला सांगितलं. (इथे मी मित्राकडे बघतो. तो छताकडे बघतो.) गायक आणि गिटारवादक जेम्स हेटफिल्डने नंतर दिलेलं कारण वेगळं आहे. दौरा आणि मिक्सिंग एकाच वेळी चालू होतं, प्रवासाने आणि आवाजाने कान कामातून गेले होते.

मला स्वतःला वाटतं की छळ आणि थकवा दोन्ही खरे असतील, पण खड्डा आधीच खणलेला होता. बेसची सगळ्यात जाड तार सुटी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झवर (सेकंदाला ४१ कंपनं) वाजते, गिटारची ८२ वर, एक सप्तक वर. या अल्बममध्ये हेटफिल्डच्या गिटारीतले मधले सूर खरवडून काढलेत आणि खालचे भरपूर ठेवलेत. म्हणजे गिटार स्वतःची खोली सोडून बेसच्या खोलीत राहायला आलीये. त्यात न्यूस्टेड पिकने (बोटांत धरायच्या छोट्या पट्टीने) वाजवतो, आणि बरेचदा गिटारीचंच रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा, सुरासुराला तसंच्या तसं. त्याने स्वतःही म्हटलंय की आपण आणि जेम्स एकाच पट्ट्यात भांडत होतो. तो आपले भाग असिस्टंट इंजिनियर टोबी राइटबरोबर बसून वाजवून गेला, बाकीचे तिथे नव्हते. 'अरे, तू जरा वेगळं वाजव' असं सांगायला कुणी नाही. बर्टन असता तर त्याने कुणी न सांगताच वेगळं वाजवलं असतं, हा माझा जुना आरोप. पण हे बोलणं सोपं आहे. चोवीसपंचवीस वर्षांचा पोरगा, मेलेल्या माणसाच्या जागेवर बसलेला, तो प्रयोग करेल की दिलेलं काम चोख करेल?

हा झाला तांत्रिक भाग. बॉक्स सेटमध्ये याच्यावर एक उतारा आहे, आणि माझ्या मते अख्ख्या खोक्याची किंमत त्याच्यात आहे. ऑगस्ट १९८९ चा सिअ‍ॅटल कोलिझियममधला कार्यक्रम, तीन तबकड्यांवर, नव्याने मिसळलेला. सुरुवातच 'ब्लॅकन्ड'ने. पहिल्या रविवारी दुपारी आम्ही स्टुडिओतलं 'ब्लॅकन्ड' लावलं आणि लगेच पाठोपाठ हे. मित्राने आवाज वाढवला आणि खुर्चीच्या पाठीत काहीतरी घुमलं. मी उठून उभा राहिलो. होता तो! सगळ्या गिटारीखाली, दात विचकून, पिकचा प्रत्येक फटका मोजता येईल असा. माणूस तोच, गाणं तेच, एका वर्षाचं अंतर. भाचा म्हणाला, 'मामा, हे तर वेगळंच गाणं वाटतंय.' तेच तर म्हणतोय मी तीस वर्षं.

बाकीच्या डिस्कांबद्दल थोडक्यात. रिफ टेपा एकदा ऐकाव्यात, पुन्हा लावाल असं वाटत नाही. गाण्याचे तुकडे आकाराला येताना ऐकायला मजा येते, पण तिसऱ्या सीडीनंतर दुसऱ्याच्या घराचं बांधकाम बघत उभं राहिल्यासारखं होतं. रफ मिक्स मात्र अभ्यासाच्या आहेत. डीव्हीडी मित्राने माझ्या आग्रहाखातर लावल्या आणि तो झोपला.

आता भाच्याकडे आणि समीक्षकांकडे. दुसऱ्या रविवारी तो विचारत होता, 'पण तेव्हा समीक्षकांनी याला काय म्हटलं होतं?' मी वाचलेल्या जुन्या समीक्षणांत गाण्यांची लांबी, शब्दांतलं राजकारण, न्यायव्यवस्थेवरची टीका, तालांची गुंतागुंत यावर भरपूर आहे. आवाजाला फार तर 'कोरडा' असा एक शब्द. रॉक समीक्षकांबद्दल माझी हीच तक्रार आहे. त्यांच्यातले बरेच जण मुळात वाचणारी माणसं. शब्दांवर लिहिणं सोपं, कारण शब्द कागदावर उतरवता येतात. ४१ हर्ट्झ कसा उतरवणार?

मित्राचं मत याहून सोपं आहे. समीक्षक बहिरे असतात. पुराव्यादाखल तो नेहमीची दोन नावं घेतो. १९६९ मध्ये लेड झेपलिनचा पहिला अल्बम आला तेव्हा 'रोलिंग स्टोन' मासिकात जॉन मेंडलसनने तो धुऊन काढला. २००३ मध्ये त्याच मासिकाने पाचशे सर्वोत्तम अल्बमांची यादी केली तेव्हा तो २९ व्या क्रमांकावर. १९७० मध्ये ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम. त्याच मासिकात लेस्टर बँग्जने त्यांना क्रीम या बँडची हलकी नक्कल ठरवलं. आज हेवी मेटलचा जन्म त्याच तबकडीपासून मोजतात. आणि मग मित्राचा हुकमाचा एक्का: फेब्रुवारी १९८९, ग्रॅमी. हार्ड रॉक आणि मेटल यांच्यासाठी पहिल्यांदाच पुरस्कार ठेवलेला. मेटॅलिकाने त्याच मंचावर 'वन' वाजवलं, सगळ्यांना वाटलं आता औपचारिकताच उरलीये, आणि पाकिटातून नाव निघालं जेथ्रो टल. बासरीवाला बँड! ते लोक तर समारंभाला आलेही नव्हते. पुढे त्यांच्या कंपनीने जाहिरात दिली की बासरी हेही जड धातूचं, म्हणजे 'हेवी मेटल', वाद्य आहे. ही जाहिरात मला आजही आवडते, मित्राला आजही आवडत नाही.

पण तिथे मतदान करणारे समीक्षक नव्हते, संगीताच्या धंद्यातलीच माणसं होती. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी वाया जातं.

आणि चाहते काय, सगळे सोन्याच्या कानाचे? वीझर या बँडचा 'पिंकर्टन' हा अल्बम १९९६ मध्ये आला तेव्हा 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनीच, म्हणजे समीक्षकांनी नव्हे, पैसे देऊन अंक विकत घेणाऱ्यांनी, तो वर्षातल्या सगळ्यात वाईट अल्बमांत टाकला. २००४ मध्ये त्याच मासिकाने त्याला पाच तारे दिले. भाचा हे ऐकून जरा गडबडला, कारण त्याच्या हिशोबात वाचकांचे गुण म्हणजे देवाचा कौल.

चाहत्यांच्या बाजूनेही एक किस्सा आहे, तोही याच बँडचा, म्हणून सांगतो. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक'. बँड पुन्हा फॉर्मात आला म्हणून कौतुक चालू होतं. इकडे चाहत्यांनी तेच गाणं 'गिटार हिरो' या व्हिडिओ गेममधून ऐकलं आणि सीडीवरून ऐकलं, आणि ताड्कन उठले. गेममध्ये श्वास होता, सीडीवर आवाज इतका चेपलेला की ड्रमच्या प्रत्येक फटक्याला फाटत होता. दहा हजारांहून जास्त लोकांनी रीमिक्ससाठी ऑनलाइन सह्या केल्या. मास्टरिंग करणाऱ्या टेड जेन्सननेही सांगितलं की मिक्स आपल्याकडे आले तेव्हाच असे ठोकून सपाट केलेले होते. या वेळी सामान्य माणसाचे कान बरोबर होते, आणि त्यासाठी त्याला कुठल्या शाळेत जावं लागलं नाही. मोठा झालेला आवाज आणि चांगला आवाज यांतला फरक त्याला एका खेळण्याने शिकवला.

पण याच शिकलेल्या कानांनी पुढे एक गोष्ट केली, आणि तिथे माझी गाडी अडकते. अशाच गेममधून काही गाण्यांचे सुटे ट्रॅक बाहेर आले होते. त्यांतून न्यूस्टेडचा बेस वेगळा काढून, कुठे स्वतः वाजवून, चाहत्यांनी अख्खा अल्बम पुन्हा मिसळला. त्याला नाव दिलं 'अँड जस्टिस फॉर जेसन'. शोधला की लगेच सापडतो. दुसऱ्या रविवारी भाच्याने तो लावला. 'मामा, हे घे, तुझा बेस.'

पहिली पाच मिनिटं मी सातव्या स्वर्गात. पोरगा काय वाजवत होता! एक फटका इकडचा तिकडे नाही. पंधराव्या मिनिटाला मला काहीतरी खटकायला लागलं. अर्ध्या तासाने मी म्हणालो, बंद कर. मित्राने भुवया उचलल्या, पण बोलला काही नाही, आणि तीस वर्षांत हे प्रथमच.

काय झालं ते सांगायचा प्रयत्न करतो. बेस आला की तो अल्बम चांगला होतो. भरलेला, गोल, तळ असलेला. त्या काळातल्या चार चांगल्या मेटल अल्बमांसारखा. आणि मग शीर्षकगीताची ती पावणेदहा मिनिटं खरोखरच पावणेदहा मिनिटं वाटायला लागतात. (बँडलाही ती तशी वाटायची. समोरचे लोक जांभया देतात म्हणून त्या दौऱ्यानंतर ते गाणं त्यांनी बाजूला ठेवलं ते थेट २००७ पर्यंत.) मूळ मिक्समध्ये तेच गाणं हाडांच्या सापळ्यासारखं आहे, त्याच्यावर मांस नाही, म्हणून प्रत्येक सांधा दिसतो. काही जण म्हणतात, तो रिकामेपणा म्हणजे बर्टनसाठीचा शोक आहे. हे मला फार गोड वाटतं. थकलेल्या कानांनी केलेल्या चुकीला नंतर बांधलेलं देऊळ. मला जे खटकलं ते शोकाबिकाचं नव्हतं. ते फार खाजगी आणि जरा लाजिरवाणं आहे.

मी बेस शिकलो तो याच अल्बमवर. सतरा वर्षांचा होतो. एक कॅसेट, दुसऱ्याची तिसऱ्याने कॉपी केलेली, आणि एक उसना बेस, ज्याची चौथी तार सुराला टिकायची नाही. दुसऱ्या कुठल्याही बँडच्या कॅसेटबरोबर वाजवायला बसलो की आतला बेसिस्ट माझ्यावर धावून यायचा. तो बरोबर, मी चूक, दर ठोक्याला. या कॅसेटवर मात्र ती खुर्ची रिकामी होती. हेटफिल्ड डावीकडे आणि उजवीकडे, मागे उल्रिक, आणि मधे माझ्यासाठी सोडलेली जागा. मी तिथे जाऊन बसलो. दोन वर्षं रोज पासष्ट मिनिटं मी त्या बँडमध्ये होतो. चुकलो तरी सांगायला कोणी नव्हतं. त्यामुळे मी चुका पाठ केल्या, आणि त्यांतल्या काही अजून सोडवत नाहीत.

तर चाहत्यांच्या त्या सुधारित आवृत्तीत मला काय ऐकू आलं? माझ्या खुर्चीवर तिचा खरा मालक येऊन बसलेला.

हे समीक्षण म्हणून कुठे बसतं मला माहीत नाही. भाचा म्हणाला, 'मग तू गुण किती देणार?' रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाचे अमेरिकन समीक्षक आयुष्यभर अल्बमांना शाळेसारखे श्रेणी देत आले, ए, बी, सी, अधिक, वजा. ते मला एरवी आवडतं, निदान माणूस जबाबदारी घेतो. पण इथे मला जमत नाही. ज्या गोष्टीची मी तीस वर्षं तक्रार केली, तीच दुरुस्त झाल्यावर मी 'बंद कर' म्हणालो. असल्या माणसाने गुण देऊ नयेत.

खरेदीबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. जुनी सीडी असेल आणि ती ओरखडली नसेल, तर नुसत्या रीमास्टरसाठी जीव टाकू नका. फरक आहे, पण दहापैकी सात वेळा कळण्याइतका. पहिल्यांदाच घेत असाल तर नवी घ्या, जुनी शोधत बसायला कारण नाही. बॉक्स सेट एकट्याने घेऊ नये. दोनतिघांनी मिळून घ्यावा, किंवा माझ्यासारखा मित्र गाठावा. सिअ‍ॅटलच्या तीन तबकड्या वेगळ्या मिळाल्या तर आधी त्या, आणि ऐकताना खिडकीच्या काचा नीट बसल्यात ना बघून घ्या. लहान स्पीकरवर, फोनवर, कानात घालायच्या स्वस्त बटणांवर या वादात पडूच नका. तिथे ४१ हर्ट्झ कुठल्याच अल्बमचा ऐकू येत नाही, तिथे सगळेच बेसिस्ट न्यूस्टेड आहेत.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी भाचा हेडफोन आणायला आतल्या खोलीत गेला. मित्राकडे एक जुना बेस भिंतीला टेकवलेला असतो, मी आलो तर हाताला काहीतरी असावं म्हणून. मी तो छोट्या अ‍ॅम्पला जोडला आणि मित्राला म्हटलं, नवी सीडी लाव, पहिल्यापासून. उलट्या गिटारी चढत आल्या, तो मांडीवर ठोके देत होता. पहिल्या रिफला मी बरोबर आत शिरलो. मधला संथ भाग येतो तिथे मी सतराव्या वर्षापासून एक सूर आधी खाली उतरतो. तसाच उतरलो.

आतून भाच्याचा आवाज आला, 'मामा, या रीमास्टरमध्ये बेस आहे की! पण मधे चुकतोय कोण?'